बेळगाव : आपली तक्रार १९५६ पासून, आणि त्यांची?

मलप्रभा

फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या बसगाड्या बंद पडल्या, त्या दोन-चार दिवसांत मी कोल्हापूरहून बेळगावला निघालो होतो. कारण सगळ्यांना आठवत असेल. बेळगावजवळ भाषेवरून कंडक्टरला मारल्याचं प्रकरण झालं. मग चित्रदुर्गात आपल्या एसटीच्या चालकाला काळं फासलं, मग इकडं कर्नाटकच्या गाड्या अडवल्या. एसटीनं कागलला उतरवलं आणि पुढं वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खाजगी गाडी.

वडापमध्ये शेजारी एक अक्का होत्या, गोकाकच्या. इचलकरंजीत लेक दिलेली, तिच्याकडून परत निघालेल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत कोथिंबिरीची जुडी. गोकाकात कोथिंबीर मिळत नाही की काय, खरं लेकीनं दिली म्हणजे न्यायचीच. दूधगंगेच्या पुलावर गाडी अडकली तेव्हा म्हणाल्या, "बंद केलं ते केलं, आदल्या दिवशी सांगायचं तरी की!"

नंतर बोलता बोलता त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती काही माझ्या डोक्यातून जाईना. लहानपणी वडिलांबरोबर त्या बेळगावच्या बाजारात यायच्या. वडिलांना मराठी येत नव्हतं. दुकानदार त्यांची नक्कल करून हसायचे, आणि वडीलही हसायचे. "अप्पा हसायचे तेच मला आवडायचं नाही," एवढंच म्हणाल्या.

आता माझं सांगतो. माझं बालपण बेळगावात गेलं. १ नोव्हेंबरला आमच्या घरी काळा दिन. बाबा दंडाला काळी फीत बांधून फेरीला जायचे. शेजारच्या घरी त्याच दिवशी कर्नाटक राज्योत्सव, लाल-पिवळं निशाण. त्यांचं रिबन आणि आमची फीत एकाच दुकानातून यायची, दुकानदार मारवाडी. माझ्या लेखी सगळ्या गोष्टीची सुरुवात १ नोव्हेंबर १९५६ ला होत होती. मुंबई राज्यातला मराठी मुलूख म्हैसूरला जोडला, अन्याय झाला, लढा सुरू. त्याच्या आधी काय होतं हे शाळेत नाही आणि घरातही नाही.

अक्कांच्या बोलण्यानंतर जरा वाचायला घेतलं. १८१८ ला पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी धारवाड-बेळगावच्या ह्या पट्ट्याला नाव दिलं 'सदर्न मराठा कंट्री'. मुलूख कानडी आणि नाव मराठा. पुढं रेल्वे आली तिचंही नाव सदर्न मराठा रेल्वे. सरकारी शाळा काढल्या त्या आधी मराठी. कानडी पोरानं धारवाडात बसून मराठीत धुळाक्षरं गिरवायची. डेप्युटी चन्नबसप्पा नावाच्या शिक्षणखात्यातल्या माणसानं कानडी शाळांसाठी जन्म घालवला. १८९० ला धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला तो ह्याच खटपटीतून. ह्यातलं काहीएक मला माहीत नव्हतं, आणि मी तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर वाढलो.

बेळगाव त्यांचं आहे असं मी म्हणत नाही. माझं मत बाबांचंच आहे. विचारायचं आहे ते वेगळंच. त्यांच्या बाजूची १९५६ च्या आधीची गोष्ट तुमच्यापैकी कुणी ऐकली आहे का? पुस्तकातली नको, घरातली, दारातली सांगा.

सदाशिव_पेठी

लेख आवडला. एक शंका : आपण स्त्री आहात असं पूर्वीच्या प्रतिसादांवरून वाटलं होतं. "निघालो होतो" कसं?

मलप्रभा

बाईच आहे. आमच्याकडं बायका "मी आलो, मी जेवलो" असंच बोलतात, कोल्हापुरातही पुष्कळ ऐकू येईल. कन्नडात 'नानु बंदे' हे बाईनं म्हटलं काय नि बाप्यानं म्हटलं काय, एकच. तिथून आलं असं म्हणतात. पुण्यात हॉस्टेलला पहिल्या आठवड्यात "मी आंघोळ करून आलो" म्हटलं आणि पोरी पलंगावरून पडायच्या राहिल्या. महिनाभर "आले, गेले" बोलून पाहिलं, खरं आईचा फोन आला की परत मूळ पदावर.

रोखठोक_कोल्हापुरी

अक्का, कोथिंबीर, रिबन, सगळं छान. आता जरा दुसरी यादी वाचा. जानेवारी १९५६, बेळगावात गोळीबार, हुतात्मे. १९६६, सेनापती बापट उपोषणाला बसले तेव्हा कुठं सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग. १९६७ ला त्याचा अहवाल, बेळगाव नाहीच. १९८६, कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, पुन्हा गोळ्या. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा पडून आहे. दावा चालू असताना बेळगावात विधानसौध, म्हणजे विधिमंडळाची इमारत, बांधून २०१२ ला उद्घाटन. २०१४ ला बेळगावजवळच्या येळ्ळूर गावचा 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' हा फलक पाडला, घराघरात घुसून लोकांना झोडपलं. त्याच वर्षी शहराचं नाव बदललं. डेप्युटी चन्नबसप्पा थोर असतील, पण त्यांच्या शाळेचा सूड येळ्ळूरच्या म्हातारीवर काढायचा का? हे समजून घेणं वगैरे नेहमी आपल्याच बाजूनं का सुरू होतं?

मलप्रभा

सूड न्याय्य आहे असं कुठं लिहिलं? येळ्ळूरला माझी मावशी राहते. त्या दिवशी ती माडीवर कोंडून घेऊन बसली होती. मला ते कुणी सांगायची गरज नाही.

पोथीनिष्ठ

धाग्यात थोडी भर.

१) राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फजल अली आयोगानं चंदगड वगळून बाकी बेळगाव जिल्हा कर्नाटकाकडं दिला. म्हणून चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे.

२) महाजन अहवालाबद्दल आपल्याकडं फक्त "बेळगाव दिलं नाही" एवढंच सांगतात. त्यात निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यायची शिफारस होती, आणि जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर हा भाग कर्नाटकाला. केरळातलं कासरगोडही कर्नाटकाला. आपण अहवाल फेटाळला, त्यांनी उचलून धरला. त्यामुळं आजतागायत तो त्यांच्या भाषणात असतो, आपल्या नसतो.

३) ह्याच नंदगडात १८३१ ला संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी फाशी दिलं. कित्तूर चन्नम्माचा हा सरदार म्हणजे कन्नड मनातला केवढा मोठा माणूस, हे आपल्याला त्याच्या पुतळ्यावरून वाद झाल्यावरच कळतं. डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळुरूत शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि पाठोपाठ बेळगावात रायण्णाच्या पुतळ्याची. दोघेही परकीय सत्तेशी लढलेले.

४) मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव वाक्यांत ज्याचं नाव घेतात ते 'श्रीचावुण्डराजें करवियलें' श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी आहे. शेजारी तेच कन्नडात आणि तमिळमध्ये. उलट बाजूनं, सोलापूरचे सिद्धरामेश्वर हे कन्नड वचनकार. बसवेश्वर काही काळ मंगळवेढ्यात होते, जिथं नंतर चोखोबा झाले. शहाजीराजांची समाधी होदिगेरेला, दावणगेरे जिल्ह्यात. ह्यावरून कुणाचा मुलूख ठरवायचा असेल तर शुभेच्छा.

रोखठोक_कोल्हापुरी

मुलूख लोकांवरून ठरतो, शिलालेखांवरून नाही. साठच्या दशकात बेळगाव शहरात मराठी किती होते ते बघा.

पोथीनिष्ठ

मान्य. तेच तर म्हणतोय.

साधनकेरी

नमस्कार. मी धारवाडचा, मातृभाषा कन्नड. मराठी वाचायला येते, लिहिताना चुकतो, सांभाळून घ्या. घरी आजी मराठी नाटकं बघायची, किर्लोस्कर, बालगंधर्व म्हटलं की डोळे पुसायची. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म आमच्याकडचा, बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूरचा, हे ती अभिमानानं सांगायची. आमचे बेंद्रे घरी मराठी बोलायचे आणि कविता कन्नडात लिहायचे, त्यांना ज्ञानपीठ मिळालं. म्हणजे प्रेम नाही असं नाही.

मलप्रभा ताईंनी घरातली गोष्ट विचारली म्हणून लिहितो. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत जमिनीचे जुने कागद आहेत. सगळे मोडीत. पणजोबांच्या आजोबांचे. त्यांना कन्नड तरी वाचता येत होतं, मोडी नाही. जमीन कानडी माणसाची, राबणारा तो, आणि त्या जमिनीवर काय लिहिलंय हे त्याला कुलकर्णी सांगणार. कुलकर्णी जे सांगेल ते खरं. आमच्या घरात एक बोलणं आहे, काही समजेना झालं की आजोबा म्हणायचे, "मोडी ओदिदंग आय्तु", म्हणजे मोडी वाचल्यासारखं झालं. मला लहानपणी वाटायचं मोडी हे एखाद्या भुताचं नाव आहे.

१९५६ आमच्यासाठी काय आहे ते ऐका. कानडी लोक पाच ठिकाणी वाटले होते. मुंबई, हैदराबाद, म्हैसूर, मद्रास, कोडगू. मुंबई राज्यात आम्ही कोपऱ्यात, हैदराबादेत कोपऱ्यात, मद्रासेत कोपऱ्यात. सगळीकडं कुणाच्या तरी घरात पाहुणे. बेळगावात १९२४ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली तेव्हा गंगूबाई हनगल लहान मुलगी होत्या, त्यांनी तिथं कन्नड गीत म्हटलं. आमच्यासाठी बेळगाव म्हणजे ती आठवण. तुमच्यासाठी बेळगाव म्हणजे १९४६ चं साहित्य संमेलन, जिथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, ते मला मागाहून कळलं. एकाच गावात बावीस वर्षांच्या अंतरानं दोघांनी स्वप्न बघितलं.

आणि एक राग सांगू का? 'कानडी' म्हणताना तुमच्याकडं एक सूर असतो. भाषेचं नाव कन्नड आहे. पुण्यात शिकत असताना एका मित्राची आई प्रेमानं "आमचा कानडाप्पा" म्हणायची. जेवायला वाढायची, खरंच प्रेमानं. मी काय बोलणार?

सदाशिव_पेठी

'कानडाप्पा' आमच्याही घरी म्हणतात. त्यात काही वाईट आहे हे आज समजलं. पण मग 'कानडा विठ्ठल'ही म्हणू नये का?

साधनकेरी

तो म्हणा हो, तो तुमच्याकडं येऊन अठ्ठावीस युगं उभा आहे, बसायला सांगितलं नाही कुणी.

चव्हाट_गल्ली

वरच्या मोडीच्या गोष्टीवर हसावं का रडावं कळेना झालंय. माझी गोष्ट बघा.

आजोबा गेले, वारसा लावायला गेलो. उतारा कन्नडात. ठीक, वाचणारा भेटतो. खरं आजोबांचं नाव तुकाराम. कन्नड अक्षरांत बरोबर लिहिलंय, खरं ते उच्चारात शेवटचा अ खात नाहीत. त्यामुळं संगणकावर इंग्रजीत काढताना झालं तुकारामा. आधार कार्डावर तुकाराम. बँकेत तुकाराम. मृत्यूच्या दाखल्यावर तुकारामा. तुकाराम आणि तुकारामा ही दोन माणसं नव्हेत, एकच, असं प्रतिज्ञापत्र करून दिलं. वकील म्हणाला, आणखी एकदा. का तर मुलाच्या नावापुढं बापाचं नाव परत तुकारामाच. चार महिने हेलपाटे. खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता, त्याला मराठी येत होतं, मला माहीत आहे, भाजीवालीशी बोलताना ऐकलंय. खरं खिडकीच्या आत बसला की येत नाही. मी विनंती केली की काय लिहायचं ते तोंडानं तरी सांगा. म्हणाला, "कन्नडदल्ली केळी." मी तोडक्यामोडक्या कन्नडात विचारलं तर मागचे हसले. मीही हसलो.

१५ टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्य असतील तिथं त्यांच्या भाषेत कागद द्यायचे, असं सगळं कागदावर आहे. कागद कुठल्या भाषेत आहे ते विचारू नका.

आमच्या पिढीला सीमाप्रश्न सुटणार नाही हे कळतंय. महाराष्ट्र एकीकरण समितीचा २०१८ ला एक आमदार आला नाही, २०२३ लाही नाही. पोरं कन्नड शाळेत नाहीत, मराठीतही नाहीत, इंग्रजीत आहेत. मला महाराष्ट्र नको असं नाही, खरं आधी उतारा पाहिजे.

रोखठोक_कोल्हापुरी

बघा. हेच सांगत होतो. ह्याला अन्याय म्हणतात. ह्यावर त्या बाजूनं कुणी चकार शब्द काढणार आहे का?

साधनकेरी

मी काढतो. हे चूक आहे. खिडकीत बसलेल्याला मराठी येत असून तो बोलत नाही हे मला लाज वाटण्यासारखं आहे. दादा, पुढं कुठलाही कागद आला तर फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी मराठीत लिहून देतो. वकिलाचे पैसे वाचतील.

पण एक विचारतो, रागावू नका. महाराष्ट्रात दुकानावर मराठी पाटी सक्तीची केली तेव्हा ह्याच संकेतस्थळावर किती आनंद झाला होता. आमच्याकडं २०२४ ला ६० टक्के कन्नड पाटीचा कायदा केला तेव्हा "कन्नड सक्ती" असा धागा. शब्द एकच पाहिजे ना? एक तर दोन्ही अस्मिता, नाही तर दोन्ही सक्ती.

रोखठोक_कोल्हापुरी

फरक आहे. मुंबईत पाटी लावणारा गुजराती स्वतः येऊन राहिला आहे. बेळगावचा मराठी माणूस कुठून आलेला नाही, सीमा त्याच्या अंगावरून गेली.

साधनकेरी

हे मात्र बरोबर बोललात. सीमा अंगावरून गेली. अक्कलकोटच्याही.

भुईकोट

अक्कलकोटचं नाव निघालं म्हणून. मी सोलापूरचा, घरात कन्नड, शाळा मराठी, गल्लीत तेलुगू. आम्हाला कुणी मारत नाही हे आधीच सांगतो, बेळगावसारखं इथं नाही. पण आमच्या आईचं दुःख वेगळं आहे. ती जत तालुक्यातली. तिची शाळा कन्नड माध्यमाची, महाराष्ट्र सरकारचीच, अजून आहे. मात्र सातवीनंतर पुढं काय? नोकरीचा अर्ज मराठीत, परीक्षा मराठीत. म्हणून तिनं आम्हाला मराठी शाळेत घातलं. आता आम्हा भावंडांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. सिद्धरामेश्वरांची वचनं मला मराठी लिपीत छापलेली लागतात. गड्ड्याच्या यात्रेत मी नंदीध्वजाच्या मागं चालतो आणि ज्याच्यासाठी चालतो त्याचं एक अक्षर मूळ लिपीत वाचता येत नाही.

नोव्हेंबर २०२२ ला कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर हक्क सांगितला तेव्हा इथं मोठा गदारोळ. आईला विचारलं, तुला कुठं जायचंय? म्हणाली, जिथं नळाला पाणी येईल तिथं. त्या गावांनी ठराव केला होता तो भाषेसाठी नव्हताच, म्हैसाळ योजनेचं पाणी पोचत नव्हतं म्हणून. मग कर्नाटकानं त्यांच्या तुबची-बबलेश्वर योजनेतून पाणी सोडून दाखवलं, आपल्याकडं लगेच म्हैसाळ विस्ताराची घोषणा. आई म्हणते, हे भांडण दरवर्षी व्हावं.

आयर्विन_पूल

पाणी म्हणालात तर सांगलीकरांना बोलू द्या. आमच्याकडं शेजाऱ्याशी भांडण भाषेचं नाही, कृष्णेवरच्या त्यांच्या अलमट्टी धरणाचं. धरणाची पातळी ५१९.६० मीटर, ती ५२४.२५६ करायची परवानगी कृष्णा लवादानं २०१० ला दिली. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांवर गेलं, इशारा ४० चा, धोका ४५ चा. आमच्या घरात पहिल्या मजल्यावर गुडघाभर. फ्रीज तरंगत जिन्यापर्यंत आला होता, आडवा, दार उघडं, आत लोणच्याची बरणी तशीच.

तेव्हा गल्लीतला प्रत्येक माणूस "कर्नाटकानं बुडवलं" म्हणत होता, मीही. नंतर आपल्याच सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला पुराचं कारण मानलं नाही. नदीपात्रातली बांधकामं, कमी दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस, धरणांतून सोडलेलं पाणी. पात्रातली बांधकामं कुणाची? आमचीच. तरी उंची वाढवली तर काय होईल ही भीती मला आहेच. समितीचा अहवाल वाचून भीती जात नाही, पण गल्लीत बोलताना जरा जीभ चाचरते.

पोथीनिष्ठ

धागाकर्तीनं १९५६ च्या आधीचं विचारलंय म्हणून आणखी एक, हे आपल्याकडं कुणी सांगत नाही. १७९१ ला टिपूवरच्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा शारदा मठ लुटला. शंकराचार्यांचा मठ, हिंदवी फौजेनं. स्वामींनी गाव सोडलं. मठ पुन्हा उभा करायला पैसा आणि धान्य टिपूनं पाठवलं, त्याची पत्रं उपलब्ध आहेत. कर्नाटकात ही गोष्ट शाळकरी पोरालाही माहीत असते.

आणि ह्याच पटवर्धनांच्या सांगलीत पुढं १८४३ ला, कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक उभं केलं. म्हणजे अर्धशतकात लूट आणि उसनवारी, दोन्ही.

रोखठोक_कोल्हापुरी

आला टिपू! वाटच बघत होतो. टिपूनं नरगुंदात, कित्तुरात काय केलं ते पण लिहा ना. का तिथं पत्रं उपलब्ध नाहीत?

संपादक मंडळ

टिपू सुलतान ह्या विषयावर आधीचे धागे भरपूर आहेत, तिकडं जावे. इथले तीन प्रतिसाद उडवले आहेत. पोथीनिष्ठ, तुमचा उडवलेला नाही पण पुढचा उडवू.

चव्हाट_गल्ली

टिपू राहू द्या. साधनकेरी दादा, व्यनि केला आहे. घरपट्टीची नोटीस आहे. त्यात खाली शिक्का आणि मोठी मोठी अक्षरं आहेत, जप्ती वगैरे आहे काय बघा, आई घाबरलेली आहे.

साधनकेरी

बघितलं. जप्ती नाही. मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "वेळेत कर भरून सवलत मिळवा." ५ टक्के सूट आहे, महिनाअखेर. आईंना सांगा.

चव्हाट_गल्ली

अरे देवा. ती देवापुढं नोटीस ठेवून बसली होती.

मलप्रभा

दोन दिवस आले नव्हतो, (बघा, पुण्याचं आणि बेळगावचं एकत्र झालं) धागा कुठल्या कुठं गेला.

रोखठोक, तुमच्या पहिल्या प्रतिसादाला नीट उत्तर राहिलं होतं. समजून घेणं आपल्याच बाजूनं का, असं विचारलंत. मला वाटतं कारण सोपं आहे, मी मराठीत लिहितो. कन्नड लिहिता आलं असतं तर तिकडं जाऊन येळ्ळूरच्या माडीची गोष्ट लिहिली असती. दहावीपर्यंत कन्नड होतं मला, शंभरात बेचाळीस. बाबा म्हणायचे पास होण्यापुरतं कर, जास्त नको, जास्त मार्क पडले तर ते म्हणतील बघा ह्यांना येतं. आणि मीही इमानदारीनं अभ्यास केला नाही. तो माझ्या बाजूनं लढ्याला हातभार होता.

साधनकेरी, तुमचे ते मोडी कागद कधी कुणाकडून वाचून घेतलेत का?

साधनकेरी

नाही. एकदा एका कचेरीत नेले, त्यांनी पानाला इतके पैसे सांगितले की पेटी परत बंद केली. आजोबांची समजूत होती की त्यात आमची चौदा एकर जमीन कुणीतरी लिहून घेतल्याचं आहे. तो राग तीन पिढ्या आहे घरात.

पोथीनिष्ठ

मोडी येते मला. पाठवा.

साधनकेरी

एक पान पाठवलं. फोटो जरा काळा आलाय.

पोथीनिष्ठ

वाचलं. शके १७७५, म्हणजे इ.स. १८५३ च्या आसपासचं. अक्षर चांगलं आहे, घाईत लिहिलेलं. मजकूर थोडक्यात : तुमच्या पूर्वजांनी गावातल्याच एका लिंगायत वाण्याकडून १८ रुपये घेतले, म्हैस घेण्यासाठी. म्हशीचं वर्णन आहे, "शिंगें मागें वळलेलीं, कपाळीं चांद". दोन हंगामांत फेडायचे. साक्षीदार दोन. चौदा एकरांचा उल्लेख ह्या पानात नाही. मराठा, ब्राह्मण, कुलकर्णी कुणीही नाही, लिहिणारा सोडून.

साधनकेरी

म्हैस?

पोथीनिष्ठ

म्हैस.

चव्हाट_गल्ली

पैसे फेडले का?

पोथीनिष्ठ

ते पाठीमागं किंवा पुढच्या पानावर असणार, फेडले की तिथं भरपाई लिहितात. पान तिथंच तुटलंय. पुढचं पाठवा.

साधनकेरी

पुढचं पान मोठ्या भावाकडं आहे. वाटणीत पेटीतले अर्धे कागद त्यानं नेले. नऊ वर्षं झाली, आम्ही बोलत नाही.